कानाचा साचा

"कानांतली बुरशी साफ गेलीय," कानाच्या मशीनवाली बाई म्हणाली. "औषध नेमाने घातलेलं दिसतं, ताई."

"बाबा स्वतःच घालतात," सून म्हणाली. "पण फरक नाही. मागच्या चाचणीत शिट्टी वाजली की बटण दाबायचं होतं. एकदाही दाबलं नाही."

"वय झालं की असं होतं." बाईने पिचकारीतला गुलाबी लगदा सासऱ्यांच्या कानांत भरला. "हलायचं नाही हं, आजोबा! घट्ट झाला की साचा निघेल. तो पाठवला की आठवड्यात मशीन हातात."

आठवडा! सून पर्सची चेन उघडत-मिटत राहिली.

मशीनचा हट्ट नवऱ्याचा. त्याला सगळंच साच्यातून काढल्यासारखं लागे. कपड्यांच्या घड्यासुद्धा आणि बायकोसुद्धा. त्याच्या आईने जन्मभर स्वतःला त्या घराच्या साच्यात कोंबलं आणि हूं की चूं न करता गेली. सुनेचा श्वास तिथे कोंडत होता.

सासरे बहिरे झाले आणि ती बोलती झाली. भिंतीलाही कान असतात म्हणे. इथे तर कानांचीच भिंत झाली होती. ते स्वयंपाकघरात वाटाणे सोलत बसत आणि ती भांडी घासता घासता पाठमोरी सगळं ओकून टाकी. दूरच्या गावी मिळालेली नोकरी, तिथे ठरवलेली खोली, माळ्यावरची मोठी बॅग. ती खाली काढायचं धाडस तेवढं होत नव्हतं. रडू फुटलं की सासरे पाण्याचा ग्लास पुढे सरकवत. डोळे तरी शाबूत होते बिचाऱ्यांचे.

आणि आता मशीन. सवयीने एखादा शब्द तोंडातून निसटला की संपलं. माणूस कितीही भला असला तरी पोटचा मुलगा तो पोटचाच.

बाईने साचे अलगद ओढून काढले, उजेडात धरून पाहिले आणि डबीत घालायला आत नेले.

"झालं का गं?" सासरे नेहमीसारखे ओरडले. बाहेर बसलेला माणूस दचकला.

तिने मान डोलावली आणि खिडकीशी जाऊन उभी राहिली. खाली रस्त्यावर माणसं आपापल्या वाटेने चालली होती. त्यांचा तिला हेवा वाटला.

"बाबा, मी उद्याच जाते," ती काचेकडे बघत पुटपुटली. "मशीन यायच्या आत. तुम्हाला सोडून जाताना मात्र जीव तुटतोय."

मागे खुर्ची करकरली. सासरे तिच्या शेजारी येऊन उभे राहिले. रुमालाने कान पुसत, आतल्या बाईला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाले,

"माळ्यावरची बॅग नको नेऊस, पोरी. काल काढून बघितली, बुरशी लागलीय तिला. माझी घे."