आदर्श बैठक

कोणी वाकून बसलं की लॅपटॉप शिट्टी मारणार, ताठ बसलं की हिरवा दिवा लागणार, असं थोर ॲप सौमित्रने चार महिने खुर्चीतून न उठता बनवलं. 'आदर्श बैठक' म्हणून त्यात फोटो भरले ते स्वतःचेच, तब्बल दोन हजार. आदर्श माणूस घरातच असताना बाहेर कशाला शोधायचा?

पहिल्या चाचणीचा मान वडिलांना मिळाला. पी.टी. मास्तर म्हणून निवृत्त झालेले नाना कॅमेऱ्यासमोर बसले, छाती काढून, पाठ भिंतीसारखी सरळ. लॅपटॉपने शिट्टी मारली.

नाना आणखी ताठ झाले. शिट्टी आणखी मोठी झाली.

"नाना, तुमचं बसणं चुकतंय," शेजारून स्क्रीनवर ओणवा होत सौमित्र म्हणाला. "मशीन खोटं बोलत नाही."

तीस वर्षं शाळेत शिट्टी नानांनीच मारली होती. त्यांनी एकवार मुलाकडे नीट पाहिलं. मग खांदे पाडले, पोक काढलं, हनुवटी छातीला टेकवली. हिरवा दिवा लागला.

"खरंच नाही बोलत रे," नाना तसेच वाकून म्हणाले. "तू अगदी असाच बसतोस."