लाल बोया

"बोया दिसता काय रे?" थोरल्या भावानं विचारलं.

"नाय दादा," म्हणत लवूनं जिलेटिनची कांडी शिलगावली आणि खडकाशी भिरकावली.

लाल बोया तरंगत असला की खाली गावची पोरं बुडी मारून खडकावर पोवळ्यांच्या फांद्या लावतायत, हे अख्ख्या बंदराला ठाऊक होतं.

स्फोटानं होडी हेलपाटली. मेलेले मासे वर आले आणि त्यांच्यात भावाची लेक, नाकाकानांतून रक्त वाहणारी, मुठीत पोवळ्याची फांदी घट्ट धरलेली.

तिला वर ओढून निजवायला भावानं जाळ्यांचा ढीग बाजूला सारला. त्यातून लाल बोया घरंगळला. तो नसला की पोरं पाण्यात उतरणार नाहीत आणि खडक मासेमारीला मोकळा मिळेल, म्हणून लवूनंच काल चोरलेला.

भावानं वल्हं उचललं. पहिला घाव खांद्यावर बसला. दुसऱ्यासाठी लवूनं डोकं पुढे केलं.