पुढचा प्रश्न

धुळ्यातल्या प्रशिक्षणाच्या हॉलमध्ये दोन खुर्च्या समोरासमोर मांडल्या. एक समुपदेशकाची, एक पेशंटची. पेशंट कोण होणार, असं डॉ. हितेंद्रांनी विचारताच साक्रीच्या नूतनने हात वर केला. बाकीच्यांसारखीच तीही समुपदेशक, मोठ्या माणसांमधले खाण्याचे आजार ओळखायला शिकण्यासाठी आलेली. तिची आई नुकतीच गेलीय, हे इथे कुणाला ठाऊक नव्हतं.

"अक्का, अवघड पेशंट होऊ नका हं," समोर बसत योगराज म्हणाला. सगळे हसले.

नूतनने ओढणी डोक्यावर घेतली, बांगड्या कोपराकडे सारल्या, मान खाली घातली. आई अशीच बसायची, अहिराणीतच बोलायची.

"काय त्रास होतोय, मावशी?"

"काही नही, भाऊ. चक्कर येस. पोर जबरदस्ती लई उनी."

"मुलीने आणलं ते बरंच केलं. जेवण कसं आहे?"

"आज उपास शे."

"बरं." योगराजने आदराने मान डोलावली. "फराळाचं तरी घेत जा. आणि झोप?"

झोपेवरून तो गुडघ्यांवर गेला, गुडघ्यांवरून सुनेवर. नूतन वाट पाहत राहिली. जेवणाकडे तो परत आला नाही.

"छान," डॉ. हितेंद्र म्हणाले. "पेशंटच्या श्रद्धेला धक्का लागू दिला नाही. आणखी काही राहिलं का?"

कुणी थायरॉइड म्हणालं, कुणी साखर. मागच्या रांगेतली मयुरी बाटलीतून घोट घोट पाणी पीत होती.

नूतनने डोक्यावरची ओढणी काढली.

"ही माझी आई होती. सोमवार, चतुर्थी, एकादशी करता करता जेवायचा वारच उरला नाही. घरादाराला रांधून वाढायची, स्वतः पाण्यावर. गावातल्या बाया तिच्या पाया पडायच्या. साक्रीला नेलं, धुळ्याला आणलं. उपास म्हटलं की डॉक्टर 'बरं' म्हणायचे आणि झोपेचं विचारायचे. तेराव्याला गाव पोटभर जेवलं."

योगराज बुटांकडे पाहत होता.

"जेवून घेऊ या," डॉ. हितेंद्र हळूच म्हणाले.

बाहेर व्हरांड्यात भरीत-पुरीची ताटं निघाली. आपलं ताट घेऊन नूतन कडेला गेली. तिथे मयुरी पाण्याची बाटली घेऊन एकटीच बसली होती.

"तू नाही घेतलंस?"

"उपास आहे ना ताई आज." मयुरी गोड हसली आणि बाटली तोंडाला लावली. हात वर जाताच तिचं घड्याळ मनगटावरून घसरलं आणि कोपरापाशी जाऊन अडकलं.

'बरं' नूतनच्या ओठांपर्यंत आलं होतं. तिने ताट कठड्यावर ठेवलं, खुर्ची ओढली आणि अगदी समोर बसली.

"आणि उद्या?"

मयुरीने बाटलीचं झाकण लावलं. पुन्हा उघडलं. पुन्हा लावलं.