हक्काने सांगा

काकूंच्या पायाचं ऑपरेशन झालं आणि भेटायच्या वेळेत खाटेभोवती अख्खं गोत जमलं. मदतीच्या ऑफर्स नुसत्या उतू चालल्या होत्या. जाऊबाई म्हणाल्या, "काहीही लागलं तर हक्काने सांगा." मावसभाऊ म्हणाला, "अर्ध्या रात्री हाक मार, धावत येतो." शेजारीण तर "मी काय परकी आहे का?" म्हणत चक्क रुसून बसली. "गर्दी कमी करा" असं ओरडून ओरडून सिस्टरचा घसा बसला, पण एकजण जागचा हलेल तर शपथ!

तेवढ्यात काकूंनी विचारलं, "आज रात्री माझ्या सोबतीला कोण थांबतंय?"

जाऊबाईंची कंबर तिथल्या तिथे धरली. मावसभावाला न वाजताच फोन आला आणि तो बोलत बोलत बाहेर पडला. परकी नसलेली शेजारीण तर सगळ्यांच्या आधी जिन्यात पोचली. खोली रिकामी.

"मानलं हं काकू तुम्हाला!" सिस्टरला हसू आवरेना. "गर्दी पांगवायची काय युक्ती काढलीत!"

"युक्ती कसली गं," काकू दाराकडे बघत म्हणाल्या, "बाहेर एखादं कुणी थांबलंय का, तेवढं बघतेस?"