डावाआधी काय खावं

दीपमालाने डब्याचं झाकण उघडलं, आत पाहिलं आणि पुन्हा लावलं. पनीर पराठे होते तसेच होते.

नंदा हे चिंचेखालच्या कट्ट्यावरून बघत होती. कोथरूडच्या त्या शाळेने पालकांसाठी मांडव घातला होता, पंखे लावले होते. पण नंदा दोन्ही दिवस मांडवात गेली नव्हती. सभागृहात मुलींची बुद्धिबळ स्पर्धा चालू होती. सृष्टी आत खेळत होती. नंदा विश्रांतवाडीहून बस बदलत यायची, झाडाखाली बसायची आणि निकालाच्या फळ्यावर सृष्टीच्या नावापुढचा आकडा बघून परत जायची. त्या आकड्याने आनंद होत नव्हता की दुःख. दाढ काढण्याआधी इंजेक्शन दिलं की गाल आपला वाटत नाही, तसं तिला बरेच महिने सगळंच वाटत होतं.

मांडवात गप्पांचा कालवा वाढला तशी दीपमाला उठली आणि सावली बघून चिंचेकडे आली. बसू का, म्हणून विचारलं. नंदाने सरकून जागा दिली.

दीपमालाला कुणाशी तरी बोलायचंच होतं. काल तिच्याकडच्या मुलीने हातातला डाव घालवला होता. उठताना भोवळ आली, टेबल धरून उभी राहिली. पंचांनी पाणी दिलं. आज दुपारची शेवटची फेरी जिंकली तर जिल्ह्याच्या संघात जागा होती. पण पोटात काही गेलं तर ना! घरून न्यावं ते तसंच घरी येत होतं.

हे ऐकूनही नंदाला काही वाटलं नाही. वाटायला हवं होतं, एवढं मात्र तिला कळलं.

"काय देता तिला?" तिने विचारलं.

पराठे, चॉकलेट शेक. पालकांच्या ग्रुपवर कुणी तरी सुचवलं म्हणून काल एक एनर्जी ड्रिंकही दिलं होतं.

"ते नका देऊ. साखर चढते तशीच उतरते. डाव रंगात येतो आणि हात थरथरायला लागतात."

मग नंदा सांगत गेली. आवाज सपाट होता, पण एकही गोष्ट सुटली नाही. तुपातलं, तळलेलं काही नको. त्याने डोळे जड होतात. भिजवलेले बदाम, केळं असलं तर अर्धंच. पाणी घोट घोट प्यायला लावायचं. एकदम बाटली संपवली की पटावरचं लक्ष बाथरूमकडे जातं. आणि बाहेर आल्या आल्या कुठे चुकलं ते विचारायचं नाही. आधी खाऊ द्यायचं. बोलायचं असेल तर ती आपणहून बोलते.

"मी तर दारातच विचारते," दीपमाला म्हणाली.

"सगळेच विचारतात."

तुम्हाला एवढं कसं ठाऊक, असं दीपमालाने विचारल्यावर नंदाने सांगितलं, की माझी अगदी लहान असल्यापासून खेळते. मग तुम्ही इतक्या लांब का बसता, समोर दिसलात तर तिला बरं वाटेल, असं दीपमालाचं म्हणणं पडलं.

"मी दिसले की तिचं लक्ष उडतं. डाव जातो. मी आलेय हे तिला माहीतच नाही."

दीपमालाने मान डोलावली. मांडवातल्या एका वडिलांनाही प्रशिक्षकांनी फाटकाबाहेर थांबायला सांगितलं होतं म्हणे. थोडा वेळ ती डब्याच्या कडीशी चाळा करत राहिली. मग खाली बघूनच म्हणाली, "मी लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून माझ्याशी बोलतच नाही हो ती. विचारलं तेवढ्याचं उत्तर. हो, नाही, ठेवा तिकडे."

"बोलेल. तुम्ही करत राहा."

नंदाने पिशवीतून स्टीलचा लहान डबा काढला. सातूच्या पिठाचे लाडू होते, गुळातले. आमच्या यवतमाळकडे करतात, पोटाला हलके आणि बराच वेळ भूक धरून ठेवतात, असं तिने सांगितलं. कालही ती लाडू घेऊन आली होती आणि तसेच परत घेऊन गेली होती.

"हे द्या तिला."

"आणि तुमच्या मुलीला?"

"तिला कमी पडणार नाही."

दीपमाला संकोचली, पण तिने डबा घेतला.

"मी दिले म्हणून सांगू नका," नंदा म्हणाली. "तुम्हीच केलेत म्हणा."

दीपमालाचे डोळे भरून आले. एवढं तर कुणी जवळचंही करत नाही, असं काहीतरी ती पुटपुटली आणि तिने नाव विचारलं. तेवढ्यात आत बेल वाजली. नंदा उठली, पदर सारखा केला आणि झाडापलीकडे उभ्या असलेल्या शाळेच्या बसमागे जाऊन थांबली. तिथून सगळं दिसत होतं, ऐकूही येत होतं.

मुली बाहेर पडू लागल्या. सृष्टी बरीच मागून आली. ओठ सुकलेले, चेहरा उतरलेला. पायरीवर थांबून तिने मैदानभर नजर फिरवली. चिंचेखालून दीपमालाने हात वर केला. सृष्टी सावकाश चालत आली आणि तिच्या शेजारी बसली.

दीपमालाने डावाचं काही विचारलं नाही. नुसता डबा पुढे केला. "खाऊन बघ. मी केलेत."

सृष्टीने एक लाडू खाल्ला. मग दुसरा. पाण्याचा घोट घेतला आणि मान वर न करता हळूच विचारलं, "काकू, आई कुठे बसलीये?"