पुढचा डावा फुगा

गाडी पुन्हा टोइंगच्या ट्रकवर चढून आली, तेव्हा मिस्त्री हातातलं काम टाकून उठला. पुढची डावी बाजू पार खाली बसलेली. म्हणजे तोच शॉकअप, गेल्याच महिन्यात बसवलेला.

गाडी जुनी, पण एके काळची राजेशाही. हिच्या शॉकअपवर स्प्रिंग नव्हे, रबराचे जाड फुगे होते. त्यांत हवा भरली की गाडी उठायची, हवा गेली की बसायची. कंपनीचा नवा फुगा घेण्यापेक्षा दुसरी गाडी घेतलेली परवडली. म्हणून मिस्त्रीनं भंगारात निघालेल्या तसल्याच गाडीचा शाबूत फुगा शोधून घातला होता. लोखंडी स्प्रिंग त्याहून स्वस्त पडली असती, पण गाडीचे मालक, काका, म्हणाले होते, "नको रे बाबा, बैलगाडी होईल तिची!"

ट्रकमधून काका उतरले, मागोमाग त्यांची सून. काकांनी बॉनेटवरून हात फिरवला.

"काय लकाकी आहे बघा अजून! आजकालच्या गाड्या म्हणजे नुसते पत्र्याचे डबे."

बॉनेटचे पोपडे निघाले होते. पण हौसेला मोल नसतं. मिस्त्रीनं मान डोलावली. "आणि हा बंपर कसा चेपला?"

"फाटकाला लागला," सून चटकन म्हणाली.

"फाटकच मेलं वाकडं बसवलंय," काका हसले. "मिस्त्री, आज गाडी हातात द्याच. चिमणीला शाळेतून मी आणणार आहे. नातीला शब्द दिलाय."

सुनेचा चेहरा खर्रकन उतरला.

मिस्त्रीनं चाक काढून हात आत घातला. फुग्याच्या घडीत बोट अडकलं. बॅटरीचा उजेड टाकला. रबर झिजलं नव्हतं, फाटलंही नव्हतं. ब्लेडनं कापलं होतं. घडीच्या आत, सरळ. शोधल्याशिवाय कुणाच्या बापाला दिसलं नसतं.

तो ताडकन उठला. आधीचा फुगा अजून कोपऱ्यात पडला होता. तो उलगडून पाहिला. तिथंही तेच! तेव्हा आपण जुनं रबर म्हणून फेकून दिलं, बघितलंसुद्धा नाही. दोन्ही वेळा गाडी दारातच बसली म्हणून निभावलं. भर वेगात, वळणावर बसली असती तर? म्हातारा जिवानिशी गेला असता, आणि लोक म्हणाले असते, मिस्त्रीनं भंगारातला माल घातला.

त्यानं बाहेर डोकावलं. सून काकांच्या हातात चहाचा कप देत होती. त्यांनी नीट धरेपर्यंत तिनं तो सोडला नाही. तोंडावर किती ते गोड!

थोड्या वेळानं ती एकटीच आत आली.

"मिस्त्री, नाहीच झाली दुरुस्त तर? भाग मिळत नाही म्हणून सांगा ना त्यांना. राहू दे गाडी इथंच."

"का बरं?"

तिनं दाराकडे पाहिलं. "घरात सांगून सांगून थकले हो मी. हे म्हणतात, बाबांना दुखवू नकोस. निदान तुम्ही तरी..."

"ताई, फुगा कुणी कापला?"

ती पांढरीफटक पडली. "माझं ऐकून तर घ्या—"

"मला काही ऐकायचं नाही! माणसाच्या जिवाशी खेळ आहे हा. पुन्हा असं झालं तर सरळ पोलिसांत जाईन."

"काय चाललंय रे?" काकांची हाक आली. ती वळून बाहेर गेली.

मिस्त्रीनं ठरवून टाकलं. फुगेच नकोत. कुणा गिऱ्हाइकानं मागवून न नेलेल्या लोखंडी स्प्रिंगा पडून होत्या, त्याच त्यानं बसवल्या. ना हवा, ना रबर, ना कापायला काही. काम करताना तो सारखा मागे वळून बघत होता. आपल्याच गॅरेजात त्याला भीती वाटत होती. मग स्वतः एक फेरी मारून आला. गाडी ताठ उभी होती.

"काका, थोडे धक्के बसतील," तो सुनेला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाला, "पण आता ही जन्मात बसायची नाही. कुणी काहीही केलं तरी!"

"देवमाणूस आहात हो तुम्ही," काका म्हणाले. ते गाडीचा आधार घेत घेत दारापर्यंत गेले.

"बाबा, मी चालवते ना," सून काकुळतीला आली. "तुमच्या पाया पडते."

"तू? अगं, हिला माझ्याच हाताची सवय आहे. चल बस, शाळा सुटेल."

ती शेजारी बसली. दोन्ही हातांनी तिनं सीट धरली होती.

मिस्त्री पुढं धावला, गॅरेजचं फाटक सताड उघडलं आणि बॉनेटसमोर उभं राहून त्यानं दोन्ही हात वर केले. ऊन लख्ख पडलं होतं. म्हातारा वाचला, या समाधानानं तो तोंडभर हसला. काकांनी इंजिन चालू केलं, गिअर टाकला आणि थेट त्याच्याकडे पाहिलं.

"सूनबाई," ते म्हणाले, "मिस्त्री कुठं गेले गं?"