गेटनंबर

“वशिला असणाऱ्यांनाच डोळे मिळतात का हो इथे?”

काउंटरपुढची बाई हळूच बोलली होती, पण मागे रांगेत उभ्या असलेल्यांनी माना वर केल्या. तिच्या शेजारी तिचे सासरे उभे होते. हयात घड्याळं दुरुस्त करण्यात गेली, आणि आता सुनेचा दंड धरल्याशिवाय पाऊल टाकता येत नव्हतं. दोन्ही बुबुळं पांढुरकी झाली होती. नेत्रपेढीतून बुबुळ आलं की शस्त्रक्रिया व्हायची, आणि त्यासाठी त्यांचं नाव वर्षभर यादीत होतं.

“मागून आलेले बघता बघता पुढे गेले. आमचे बाबा कायम शेवटून पहिले नाहीतर दुसरे. मी रोज फोन करते, रोज तेच ऐकते.”

“अहो, रोज नंबर बघूनच सांगते ना मी?” काउंटरवरची ताई रडकुंडीला आली होती.

“चल पोरी,” सासरे म्हणाले. “भांडून नजर येत नाही.”

रुग्णालयाच्या संगणक विभागात नुकतीच लागलेली प्रोग्रामर तिथे अडकलेला प्रिंटर सोडवत होती. तिने हे सगळं ऐकलं. दुसऱ्याच्या वशिल्याने माणूस एखाद्या वेळी मागे पडेल. पण रोज? रोज न चुकता शेवटी? कोड्यासारखी ती गोष्ट तिच्या डोक्यात जाऊन बसली.

वर येऊन तिने यादीचा प्रोग्राम उघडला. लिहिणारा केव्हाच नोकरी सोडून गेला होता, पण त्याचा हात मोठा नेटका. क्लासचं, म्हणजे प्रोग्राममधल्या मोठ्या गटाचं, प्रत्येक नाव मोठ्या इंग्रजी अक्षराने सुरू होणारं, आणि फंक्शनचं, म्हणजे एकेक काम करणाऱ्या तुकड्याचं, लहान अक्षराने. वाचताना अगदी बरं वाटत होतं. यादीत बदल करणारी सगळी फंक्शनं तिने ओळीने तपासली. खोट म्हणून सापडेना.

“लागलं काही हाताला?” शेजारच्या टेबलावरून विभागाच्या साहेबांनी विचारलं.

“नाही ना सर. यादीला हात लावणारं सगळं वाचून झालं.”

“आणि न लावणारं?”

“ते कशाला वाचायचं? नावावरूनच कळतं की.”

साहेबांनी चष्मा कपाळावर सरकवला. “फंक्शनचं नाव आकड्याने सुरू केलंस तर यंत्र अडवतं. मधे जागा सोडलीस तरी अडवतं. तो नियम झाला. पण नावाप्रमाणे काम करायचं, हा नुसता संकेत आहे, आपण माणसांनी ठरवलेला. तो मोडला तर यंत्राला त्याचं काही सोयरसुतक नसतं.”

ती परत पडद्याकडे वळली. गेटनंबर नावाचं एक छोटंसं फंक्शन तिने सकाळपासून कितीदा तरी ओलांडलं होतं. इंग्रजी ‘गेट’ने, म्हणजे ‘आण’ने, सुरू होतं ते फक्त माहिती आणून दाखवतं आणि ‘सेट’ने सुरू होतं ते बदलतं, हे या धंद्यात पहिल्या आठवड्यात शिकवतात. गेटच्या वाटेला कोण जातो?

तिने ते उघडलं. पहिल्या ओळीत रुग्णाचा नंबर दाखवला जात होता. दुसऱ्या ओळीत तोच रुग्ण यादीच्या तळाशी पाठवला जात होता.

नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा!

पूर्वी कधीतरी नंबर एकाच कामासाठी बघत असावेत. बुबुळ आलं की वरच्या रुग्णाला बोलवायचं, तो आला नाही तर त्याला मागे टाकून पुढच्याला फोन लावायचा. पुढे काउंटरवर चौकशीची सोय झाली, आणि ती करून देणाऱ्या कुणीतरी नावावर विश्वास ठेवून हेच फंक्शन जोडलं. आत डोकावायची गरज कुणालाच वाटली नव्हती, तिलाही नाही.

तिने त्याचे दोन भाग केले. एक नुसता बघणारा, एक मागे टाकणारा, आणि दुसऱ्याला त्याच्या कामाचंच नाव दिलं. मोठ्या डॉक्टरांनी सगळं समजून घेतलं आणि यादी नोंदणीच्या तारखेप्रमाणे पुन्हा लावायला सांगितली. घड्याळवाले आजोबा सर्वांत वर आले. बुबुळ आल्याचा निरोप आला, तेव्हा तिने काउंटरवरच्या ताईकडून फोन मागून घेतला. काय घडलं ते या घरच्यांना तिला स्वतः सांगायचं होतं.

सुनेने मधे एकदाही न अडवता ऐकून घेतलं.

“म्हणजे… मी फोन केला नसता तर?”

खोटं बोलणं सोपं होतं. “तर त्यांचा नंबर आधीच लागला असता,” प्रोग्रामर म्हणाली. “पण चूक आमची आहे ताई. तुमची नाही.”

“आणि पुढे गेले ते?” सुनेचा आवाज एकदम चढला. “त्यांना बरं ठाऊक होतं, न विचारता गप्प बसायचं ते!”

“नाही हो. ते सगळे एकटेच होते. त्यांच्यासाठी फोन करणारं घरात कुणी नव्हतं.”

“काय म्हणतायत गं?” असं सासरे मागून विचारत होते.

“त्या एकट्या माणसांना आता नीट दिसतं ना?” सुनेने विचारलं.